न फुटलेला बांध

धुळीच्या वादळानंतर बाल्कनी धुताना गढूळ ओघळ दिसला की मला आखातातल्या जहरा शहराजवळचा तो छोटा मातीचा बांध आठवतो. नौकाविहाराचा तलाव काठोकाठ भरला होता आणि उद्घाटन तोंडावर आले होते. बांधाच्या पायथ्याशी पाझरणारे पाणी मात्र गढूळ होते, म्हणजे आतली माती वाहून जात होती. तिथली इंजिनिअर म्हणून मी हट्टाने तलाव निम्मा रिकामा करवला, पायथा दुरुस्त करून घेतला; उद्घाटन रद्द झाले. "काय मॅडम, फुटला का तुमचा बांध?" आमचे नाशिकचे साहेब बैठकीत हसत म्हणाले. "पाणी सोडलं नसतं तर फुटला असता, सर." "ते आता कसं सिद्ध करणार?" मला कबूल केलेले पुढच्या प्रकल्पाचे प्रमुखपद दुसऱ्याला मिळाले. बांध आजही भक्कम उभा आहे, आणि माझ्या घाबरटपणाचा पुरावा म्हणून नव्या इंजिनिअरांना तोच दाखवला जातो.