घरातलं एकूण वजन

तमाम वाचकांना, आणि विशेषतः ज्यांचा करगोटा दिवाळीनंतर आवळायला लागतो अशा सर्वांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, थंडीच्या दिवसांत माणसानं प्रकृती कशी राखावी आणि वजन आटोक्यात कसं ठेवावं, या विषयातला सबंध रत्नागिरीत अधिकारी पुरुष एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. 'होऊन गेला' म्हणालो खरा, पण भावोजी अजून आहेत. त्यांचा अधिकार तेवढा गेला.

आता रत्नागिरीची थंडी ती केवढी! भिडस्त पाहुणीसारखी अंगणापर्यंत येते, पायरी काही चढत नाही. पहाटे गवतावर चार थेंब दव पडतं आणि नऊ वाजता माणूस पंच्यानं घाम पुसू लागतो. पण त्रिपुरी पौर्णिमा झाली की भावोजी मुंबईच्या बोटीनं मागवलेले लोकरी पायमोजे गुडघ्यापर्यंत चढवून, कानटोपी घालून, गळ्याला मफलर गुंडाळून ओटीवर असे काही येत, की जणू हिमालयातून नुकतेच उतरलेत. मग पहिलं काम म्हणजे वजन करणं. बंदरावरच्या नारळांच्या वखारीत ते कारकून होते. तिथे पोती तोलायचा मोठा काटा होता. एका पारड्यात भावोजी मांडी घालून, डोळे मिटून बसत आणि दुसऱ्यात हमाल वजनं चढवत. पक्के अडीच मण! हा आकडा ते पंचांगाच्या समासात लिहीत आणि त्याखाली रेघ मारत. त्या दिवसापासून शिमग्यापर्यंत त्यांची मोहीम चाले आणि शिमग्याला पुन्हा वजन होई. पक्के अडीच मण आणि वर दोन शेर.

यात त्यांच्या प्रयत्नांत कसूर होती असं मात्र कोणी म्हणू नये. सूर्यनमस्कार रोज बारा. त्या वेळी माजघरातल्या फळीवरची भांडी एकमेकांवर आपटून वाजायला लागत आणि त्यांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणत असू, त्या चुलीपासून ओरडत, "अरे, सूर्याला नमस्कार घालतोयस की त्याच्या नावानं घर पाडतोयस?" मग चालत दीपगृहापर्यंत जाणं. आता एवढं चालल्यावर माणसाला घेरी येऊ नये म्हणून खिशात गूळपोहे. आणि ते जाताना संपतात म्हणून परतीसाठी दुसऱ्या खिशात आणखी गूळपोहे. कुळीथ चरबी झडवतो असं कोणीसं सांगितल्यावर त्यांनी रोज रात्री कुळथाची पिठी सुरू केली. पण कुळीथ उष्ण, म्हणून तो मऊभाताबरोबर घ्यायचा, आणि मऊभात कोरडा घशाखाली उतरत नाही म्हणून त्यावर तुपाची धार. "भात मी सोडलाय हो, मास्तर," ते मला सांगत. "मऊभात हा भात नव्हे. ते औषध." शिवाय खाणं आणि चाखणं यांत ते काटेकोर फरक करत. पाटावर बसून घेतलं ते खाणं. उभ्यानं घेतलं ते चाखणं. चाखण्याचं वजन होत नाही असा त्यांचा सिद्धांत होता. आणि आमची अक्का थंडीत डिंकाचे लाडू वळायला बसली, की भावोजी तिच्या पाठीशी तासभर उभे असत.

अक्का पहिल्यापासून काटकुळी. दोघं देवळात निघाली की नारळीच्या झाडाबरोबर तिची सावली चाललीय असं वाटे, फक्त झाड म्हणजे अक्का आणि आडवी पसरलेली सावली म्हणजे भावोजी, असं उलटं धरायचं. "थंडीत खाल्लेलं अंगी लागतं," असं माई म्हणत. त्यावर अक्का हसून म्हणे, "लागतं ना! पण खाते मी आणि लागतं ह्यांच्या अंगी." यावरूनच भावोजींना आपला मोठा शोध लागला. एका रविवारी आगरात शिंपणं चाललं होतं. एका माडाच्या आळ्यात पाणी भरलं की मातीचा बांध फोडून ते दुसऱ्या आळ्यात सोडायचं, हे पाहता पाहता ते थबकले आणि मला म्हणाले, "मास्तर, घरात वजन एकूण ठरलेलं असतं. माझ्या आळ्यात जास्त साठलं म्हणून हिचं आळं कोरडं. बांध फोडायला पाहिजे." मी पोट धरून हसलो. अक्काही हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेना.

त्या खोकल्याचं नाव आमच्याकडे कोणी मोठ्यानं घेत नसे. डॉक्टरांनीही घेतलं नाही. त्यांनी छाती तपासली आणि भावोजींना ओटीवर बोलावून एवढंच सांगितलं, "थंडी चांगली. भूक लागते. हे चार महिने पोटात जाऊ द्या. शिमग्यापर्यंत पासरीभर वजन चढलं तर भिण्याचं कारण नाही." आणि नाही चढलं तर, हे भावोजींनी विचारायच्या आत ते हात धुवायला वळले. पासरी म्हणजे पाच शेर. पाच शेरांनी भावोजींना आयुष्यात कधी हूल दिली नव्हती. सहज, उभ्यानं चाखता चाखता चढत. तेवढेच पाच शेर आता बायकोच्या अंगावर चढवायचे होते.

दुसऱ्याच दिवशी वखारीतला एक जुना काटा हमालाच्या डोक्यावरून घरी आला आणि परसातल्या फणसाच्या आडव्या फांदीला टांगला गेला. एका बाजूचं पारडं काढून तिथे भावोजींनी सुंभानं पाट बांधला, वर घोंगडी घातली. दर रविवारी सकाळी, उन्हं परसात आली की वजन. मी तेव्हा पावसच्या शाळेत मास्तर होतो. शनिवारी दुपारी निघायचो आणि भाट्याची खाडी तरीच्या होडीनं ओलांडून संध्याकाळी अक्काकडे पोचायचो. त्यामुळे हा सोहळा मी प्रत्येक वेळी पाहिला. पहिल्या दिवशी अक्का लाजून अर्धी झाली. "काय हो हे, गावदेवीपुढे गूळतुला करायचीय काय माझी?" पण बसली. एक मण आणि वर दीड शेर. भावोजींनी आकडा समासात लिहिला आणि रेघ मारायच्या ऐवजी त्याच्यापुढे मोकळी जागा ठेवली.

आणि त्या दिवसापासून या माणसानं बांध फोडला. म्हणजे जेवण सोडलं. सकाळी पेज, रात्री पेज. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू झाले. सगळे अक्काच्या डब्यात. माईंनी एक त्यांच्या हातावर ठेवला, तर त्यांनी तो उभ्यानंसुद्धा चाखला नाही. "माझ्याकडचं तिच्याकडे वळलं पाहिजे," एवढंच बोलले. "जेवढा चढेल शेर, तेवढाच मी घास घेईन." आम्ही आधी हसलो. पंधरा दिवसांनी हसू मावळलं. पायमोजे त्यांच्या पोटऱ्यांवरून घसरून घोट्याशी गोळा व्हायला लागले. सूर्यनमस्काराला भांडी वाजेनाशी झाली. बंदरावरून घर चढून येताना ते वाटेत तीनदा दगडी गडग्यावर बसतात, असं लोक सांगायला लागले. आणि अक्काचा काटा तसूभर हलला नाही. हलला तो खालीच.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मात्र काटा हलला. पाऊण शेर वर! भावोजींनी मोठ्यानं गावदेवीचं नाव घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन महिन्याभरातला पहिला भात जेवले. मी अक्काला पाटावरून उतरायला हात दिला, तेव्हा तिच्या ओच्यात काहीतरी खणकन वाजलं. त्याच वेळी आतून माईंचा आवाज आला, "अगो, खलातला बत्ता कुठे गेला गो? आत्ता इथे होता!"

मी अक्काकडे पाहिलं. तिनं ओचा घट्ट धरला. "बाबू, बोलशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"अगं पण, अक्का—"

"आत बघ तरी. जेवतायत ते. महिन्यानं जेवतायत." मग जरा थांबून म्हणाली, "माझं काय व्हायचं ते होईल. पण दोन दोन माणसं कशाला वाळवायची एका घरात?"

पुढे दर रविवारी आमच्या घरात भुतं शिरल्यासारखी वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. बत्ता गेला, आठवड्यानं त्याच्याबरोबर पितळी अडकित्ता गेला. मग एकदा थेट पाट्यावरचा वरवंटा! माई डोक्याला हात लावून म्हणत, "रविवारी माझं डोकंच चालत नाही बाई, म्हातारी झाले." दुपारी सगळं जागच्या जागी सापडे आणि त्या आणखीच चक्रावत. थंडीसाठी म्हणून अक्कानं जाड शाल पांघरायला घेतली. तिच्या आत सगळा स्वयंपाकघराचा सरंजाम. आणि समोर भावोजी! एकेक शेर चढवत, काट्याची जीभ मधोमध आली की लहान मुलासारखे टाळ्या पिटत. "बघा मास्तर, आळं भरतंय! सिद्धांत खोटा नाही!" मीही टाळ्या वाजवल्या. आयुष्यात नाटकात कामं पुष्कळ केली, पण तेवढा वाईट नट मी कधी नव्हतो, आणि तेवढा भोळा प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही.

खरा हिशेब फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता. बत्त्यानं सुरुवातीला शेरभर चढायचं, पण तिचं स्वतःचं तेवढंच उतरलेलं असायचं, म्हणून बत्त्याला अडकित्त्याची जोड, अडकित्त्याला वरवंट्याची. माघ संपत आला तेव्हा तिला वरवंटा उचलवेना. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. शेवटच्या दोन रविवारी तो मीच तिच्या ओच्यात ठेवला, सुंभाच्या तुकड्यानं बांधला, शाल नीट केली आणि तिला हाताला धरून परसात नेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाबू, एवढी जड मी लग्नातपण नव्हते रे." आणि आम्ही दोघं असे हसलो, की भावोजींनी विचारलं, "काय झालं हो?" अक्का म्हणाली, "काय नाय. अंग धरलंय ना मी, चालता येत नाही."

शिमग्याच्या आदल्या रविवारी पासरी पुरी झाली. भावोजींनी आळीत साखर वाटली. पंचांगातल्या मोकळ्या जागेत आकडा लिहिला, त्याच्याभोवती कुंकवाचं वर्तुळ काढलं आणि त्या दुपारी पाटावर बसून पाच डिंकाचे लाडू खाल्ले. खाल्ले, चाखले नव्हेत. अक्का भिंतीला टेकून एकेक लाडू तोंडात जाताना बघत होती. तिचं तोंड मला त्या वेळी पोट भरल्यासारखं दिसलं. पालखी दारात आली तेव्हा तिला उभं राहवलं नाही. माईंनी तिच्या वतीनं ओटी भरली. भावोजी म्हणाले, "नवीन वजन आहे, पायांना सवय व्हायला वेळ लागतो."

आता भावोजी थकलेत. थंडीत कानटोपी घालत नाहीत. काय थंडी, काय उन्हाळा, त्यांना सारखाच. पुढ्यात येईल ते आणि येईल तेवढं जेवतात. वजन पुन्हा कधी केलं नाही. तो काटा त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन वखारीत पोचवला, मात्र फणसाच्या फांदीवरचा सुंभाचा वळ अजून आहे. माई गेल्यावर घरात लाडू वळणारं कोणी उरलं नाही, तरी दर पौषात ते कोणाकडून तरी डिंकाचे लाडू करवून डबा माझ्या घरी पाठवतात आणि वर चिठ्ठी असते, 'अंगी लागोत.' मी बत्त्याचं त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. पण विचारायचं त्यांच्या मनात नसेल असं मला म्हणवत नाही, कारण त्या दिवशी मी तिथेच उभा होतो.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. सकाळची वेळ, परसात तीच उन्हं. अंगणात सगळं तयार झालं आणि अक्काला घरातून बाहेर आणायला आम्ही चौघं वाकलो. लोकांनी नको म्हटलं तरी भावोजींनी डोक्याची बाजू धरली. वखारीत उभं आयुष्य गेलेला माणूस. ओझं उचलायच्या आधी त्यांनी पाय रोवले, कंबर ताठ केली, छाती भरून श्वास घेतला. एक मण साडेसहा शेर. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, कुंकू लावून. आणि भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघावी, तसे त्यांचे हात झटक्यानं वर आले. ते एक पाऊल मागे लडखडले. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, पुन्हा माझ्याकडे; आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"थांबा, थांबा हो! काहीतरी चुकतंय. आमची ही याहून पासरीभर जड आहे!"