स्वप्न पडलं ते जावेला

आमच्या लाडक्या मालिकेत एका लहान गावातला पोस्टमन गायब होतो आणि गावच्या विहिरीतून रेडिओ ऐकू यायला लागतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणूनच तर आम्ही ती पुन्हापुन्हा बघतो. रविवारी दुपारी माझ्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी पुणतांब्याला आमच्याकडे येतात. खिडकीवर चादर टांगली की टीव्ही सुरू. त्यांना हे वेड लावलं मीच. काही अडलं की त्या मलाच विचारायच्या.

यंदा माझी धाकटी जाऊ शेंगा फोडत आमच्यात येऊन बसली. ती पहिल्यांदाच बघत होती. पुढच्याच रविवारी म्हणाली, "ताई, मला सपान पडलं. ती विहीर आपल्या पेरूच्या बागंत हुती. पोस्टमन आत बसून रेडिओ लावत हुता."

मैत्रिणींनी चालू भाग थांबवला. माझ्या घरात, माझ्या रिमोटनं! "आवाज कसा होता गं? तो काही बोलला का?" दोघी तिला चिकटूनच बसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अख्खी मालिका चारदा पाहिली, आणि माझ्या स्वप्नात येतं काय, तर भाकरी तव्यावर असताना संपलेला गॅस!

शेवटी न राहवून मी विचारलंच, "आणि मी? मी नव्हते का गं तिथं?"

"हुता की," ती शेंग फोडत म्हणाली. "काठावर बसून सगळ्यांना गप करत हुता. तुमच्यापायी रेडिओ ऐकूच आला न्हाई."