आखूड हातांची वाव

दोराच्या दुकानात माप चालायचं वावेचं. दोन्ही हात आडवे ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत झाली एक वाव. हे माप ज्या कुणा शहाण्याने काढलं, तो हात कुणाचे ते सांगायला विसरला. मालकांना तेवढी फट पुरली. त्यांनी दोन नोकर ठेवले. वळणाऱ्यांकडून दोर विकत घ्यायचा, तेव्हा मोजायला ताडमाड उंच ‘खांब’ पुढे व्हायचा. गिऱ्हाइकाला द्यायचा, तेव्हा काका.

काका गल्ल्यामागे उभे राहिले तर नुसता भांग दिसायचा. नोकरी मागायला आले तेव्हा मालकांनी काही विचारलं नाही, फक्त हात पसरायला लावले आणि लगेच ठेवून घेतलं. ज्या उंचीने चारचौघांत खाली बघायला लावलं, तिचं कुणीतरी चीज केलं, हे काका बायकोला रात्रभर सांगत होते.

गंमत अशी, की काकांनी कधी बोटभरही चोरलं नाही. छाती फुटेस्तोवर हात ताणायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर अगदी खरं तेच सांगायचे, की माझे हात एवढेच. अशा माणसाशी भांडणार कोण?

केस पिकले आणि काकांचे खांदे धरले. हात अर्धेमुर्धेच उघडू लागले. नातीला उचलून घेता येईना, म्हणून सुनेने त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. रोज येऊन व्यायाम केलात तर सुटतील, डॉक्टर म्हणाले, पण आत्ताच, मागाहून नाही. काका रजा मागायला गेले. मालकांनी त्यांना एक वाव मोजून दाखवायला सांगितलं. दोराकडे बघता बघता मालकांचा चेहरा उजळला. या वयात कसले व्यायाम करतोस, म्हणाले, आणि पगार वाढवला. नातीला वर्षभराने उचलू, असं म्हणत काका राहिले.

वर्षभराने सरकारी माणूस आला आणि गल्ल्यावर मीटरची लोखंडी पट्टी ठोकून गेला. खांबाचं निभावलं, वरच्या फळीवरचा माल त्याला स्टुलाशिवाय काढता यायचा. काकांना मालकांनी प्रेमाने जवळ बसवून घरी जायला सांगितलं. काका खांद्यांबद्दल काही पुटपुटले.

“अरे, मग तेव्हाच नाही का दाखवायचे?” मालक म्हणाले.

घरी नात धावत आली. उचलून घ्या म्हणून हात वर केले, मग तिलाच आठवलं आणि तिने ते खाली घेतले. काकांनी उघडतील तेवढे हात उघडले. ती शेजारी उभी राहिली, आपले हात ताणले आणि मापाला माप लावून पाहिलं.

“आजोबा, माझे आणि तुमचे सारखेच!”

काकांनी धंद्याच्या नजरेने तिच्या एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत पाहिलं.

“मालकांनी ठेवून घेतली असती तुला,” ते म्हणाले.