आईचं रसमचं भांडं

डोंगरावरच्या वस्त्यांत जाऊन मुलांच्या रक्तातलं शिसं मोजणं हे माझं काम. तिथल्या आयांना मी जुनी भांडी बदलायला सांगते. इकडे आवडी शहरातल्या आमच्या घरी, आई गेल्यापासून, बाबा तिच्याच कथलाच्या भांड्यात रसम करतात आणि माझी लहान भाची ते रोज पिते. अशा कथलात कधीकधी शिशाची भेसळ असते. मला राहवेना. रविवारी यंत्र घरी आणलं, भाचीचं बोट साबणानं धुतलं आणि टोचलं.

"तुझ्या आईनं पोरांना विष घातलं म्हणतेस?" बाबांनी विचारलं.

"तिला कुठं ठाऊक होतं, बाबा?"

आकडा यायला थोडा वेळ लागतो. मी उठले, बसले, पुन्हा उठले. तो यायच्या आतच बाबांनी गॅसवरचं रसम सिंकमध्ये ओतून दिलं.