मामांच्या तापाचं निदान

हसा खुशाल, पण आधी हातातला चहा संपवा. हा किस्सा ऐकलात की माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही तुम्ही!

मी मुंबईत तापाचे जंतू शोधणाऱ्या संशोधन गटात आहे. कोणाच्या रक्तात कोणता जंतू आहे, ते झटपट ओळखायचं, हे आमचं काम. आणि मला त्याची केवढी घमेंड! चौलला मामांकडे गेलो, तर मामेबहिणीचं लग्न तोंडावर आणि मामा तापाने फणफणलेले. गावचे डॉक्टर म्हणाले होते, "साधा ताप आहे, उतरेल."

साधा? मी घरात असताना?

"मामा, रक्त द्या. आमच्याकडे खरं काय ते कळेल."

मामांनी मुकाट हात पुढे केला. शिवाय मी निघालो तेव्हा रक्ताचे नमुने न्यायच्या माझ्या बर्फाच्या डब्यात त्यांनी माडाच्या ताज्या माडीची बाटली कोंबली. "तुज्या सरांना दे. उन्हात फसफसते ती. डब्यात गार ऱ्हाईल."

मामाला नको कोण म्हणणार? रेवसच्या लाँचने असे काही हेलकावे खाल्ले की बूच उडालं आणि रक्ताच्या बाटल्यांना माडीची आंघोळ! मी खिशातल्या रुमालाने पुसल्या आणि गप्प बसलो. सरांना काय सांगणार, तुमची माडी सांडली म्हणून?

लॅबमध्ये त्याच रबरी झाकणांतून सुई आत गेली. पुढे सर नाचतच आले. "एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या रक्तात यीस्ट! अरे, दुर्मिळ केस आहे. ताबडतोब दाखल करा त्यांना!"

मला शंका आली नाही? अहो, पाठ थोपटली जात असताना शंका कोणाला येते!

मीच गाडी घेऊन गेलो. तोवर ताप उतरलाही होता. मामी रडत होती, "लगीन होऊदे रे, मंग ने."

"मामी, लग्न मोठं की जीव?" काय रुबाब माझा!

मामा वेगळ्या खोलीत, हाताला सलाइन. मंगलाष्टकं मोबाइलवर ऐकली त्यांनी. कन्यादान केलं मामांच्या धाकट्या भावाने, ज्याच्याशी त्यांचं बोलणंही नव्हतं.

दुसरा नमुना स्वच्छ आला. पहिल्यातलं यीस्ट माडी फसफसवणारं निघालं. सरांनी विचारलं, "डब्यात आणखी काय होतं रे?" सांगावंच लागलं. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "मामांना तूच सांग."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वऱ्हाडानं माडी ढोसली नि नाचलं. मी थेंब न पिता माडीनं आडवा पडलो." मी हसलो. ते हसले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

या गोष्टीला वर्ष उलटलं. गेल्या आठवड्यात कळलं, मामांना परत ताप येऊन गेला. मला कोणी सांगितलंच नाही! त्याच मामेबहिणीला फोन लावून तडकलो, "अगं, घरात मी एवढा तापाचा माणूस असताना?"

"दादा, रागावू नको," ती म्हणाली. "रविवारी माज्या बाळाचं बारसं हाय. या खेपेला तरी बाबा मला हवेत."