फोनच्या लेखी मी अकरा वर्षांचा

माझ्या फोनच्या लेखी माझं वय अकरा वर्षं आहे. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीत मला सगळे काका म्हणतात, जिना चढताना गुडघे माझं खरं वय मोठ्याने सांगतात, पण फोनला त्याचं काही नाही. नवीन ॲप घ्यायला गेलो की तो पडद्यावर लिहितो, 'तुमच्या पालकांना विचारा.' माझे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली. फोनच्या मते माझी पालक म्हणजे माझी मुलगी. ती पुण्यात असते आणि एका कंपनीत ॲपमधले दोष शोधायचं काम करते. नाशिकला आली की तेच काम ती घरात बिनपगारी करते.

हे वय तिने टाकलं, आणि टाकायला कारण मी दिलं, हे कबूल करून टाकतो. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. पत्रिका म्हणजे काय, एक फाईल. मी ती उघडली. फोनने दोनतीन प्रश्न विचारले, मी लग्नघरच्या उत्साहाने सगळ्यांना 'हो' म्हटलं. पत्रिका काही दिसली नाही. दहा मिनिटांत मात्र माझ्या फोनमधल्या यच्चयावत माणसांना माझ्या नावाने तीच पत्रिका गेली.

आता आमच्याकडे एकच मुलगी, लग्नाची. मी पत्रिका पाठवतोय म्हणजे लग्न कोणाचं, हे लोकांनी आपापलं ठरवलं. मुलीला ऑफिसात अभिनंदनाचे फोन सुरू झाले. बायकोची मावसबहीण तर रडकुंडीला आली. घरी येऊन कुंकू लावून अक्षता द्यायच्या सोडून मोबाईलवर आमंत्रण, आम्ही एवढे परके झालो का, असं म्हणत तिने बायकोला अर्धा तास धुतलं. मुलीने पुण्यातून बँकेला फोन करून माझं खातं आधी बंद करून घेतलं, म्हणून पैसे वाचले. पण 'मुलगा काय करतो?' हे तिला पुढे महिनाभर ऐकावं लागलं. त्यानंतर तिने मला नवा फोन आणला, त्यावर नवं खातं काढलं, आणि जन्मसाल विचारलं तिथे स्वतःच्या मनाने आकडा भरला. मोठ्या माणसावर अशी नजर ठेवायची सोय फोनमध्ये नसते म्हणे, ती फक्त मुलांसाठी असते.

वर्षभर मी हे हसण्यावारी नेलं. हवामानाचं ॲप मागितलं, तिने मंजूर केलं. बुद्धिबळ मागितलं, तेही दिलं. पत्त्यांचं मागितलं तेव्हा 'जाहिराती फार आहेत' म्हणून नाकारलं. मी बायकोला म्हणालो, बघ, आपल्या लेकीचं राज्य कसं चाललंय. बायको म्हणाली, "छान चाललंय. तुमच्यावर कोणाचं तरी चालतंय हे काय कमी आहे?"

मग देवळ्याहून तो फोन आला.

माझी सगळी नोकरी चांदवड-देवळा पट्ट्यातल्या एका बाजार समितीत गेली. पहिली बरीच वर्षं गेटवर, आलेल्या गाड्यांची नोंद करायला. नंतर लिलावाच्या ओट्यावर. कांदा हातात घेऊन त्याची मान दाबून बघितली की हा चाळीत, म्हणजे शेतातल्या हवेशीर कोठारात, किती दिवस टिकेल हे मला सांगता येतं. यात बढाई नाही, तेवढी वर्षं दुसरं काही केलंच नाही. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान एकदम निकामी झालं. बायको भाजी आणायला पाठवायची तेव्हा गाडीवाल्यासमोर थोडंफार वापरायचो, तर तो म्हणायचा, "काका, दोन किलो घ्यायचाय ना? मग परीक्षा कशाला घेता?"

फोन केला होता शेतीची पदवी घेतलेल्या एका बाईने. देवळ्याच्या बाजूच्या काही शेतकऱ्यांनी मिळून तिच्याकडून एक ॲप करून घेतलं होतं. शेतकऱ्याने चाळीतल्या कांद्याचा फोटो टाकायचा, कोणीतरी जाणकाराने सांगायचं, ठेवू का काढू. "काका, ओट्यावर तुमचा शब्द चालायचा असं आमचे लोक अजून सांगतात. तुम्ही जाणकार म्हणून याल का?" मी 'बघतो' असं म्हणालो, पण मनातून उडी मारली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला कोणी काही विचारणार होतं. संध्याकाळी मी चष्मासुद्धा पुसून ठेवला.

तिने फाईल पाठवली. ॲप फोनमधल्या ॲपच्या दुकानात नव्हतं. तिथे तीनदा अर्ज करून कागद परत आले होते, आणि वर्गणी ॲपमधून घ्यायची तर दुकानाचा वाटा, त्यांचीच पद्धत, असे नियम होते. वैतागून या लोकांनी थेट फाईल वाटायला सुरुवात केली होती. मी फाईलवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, 'तुमच्या पालकांनी याला परवानगी दिलेली नाही.'

पालकांना फोन लावला. पालक म्हणाल्या, "बाबा, फाईल? परत फाईल?"

मी म्हणालो, ही पत्रिका नाही, कांदा आहे.

"पत्रिकासुद्धा पत्रिका नव्हती. दुकानातलं असेल तर मी लगेच देते. बाहेरचं नाही."

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. रोज सकाळी पेपर कोरून वाचतो. फोन बनवणाऱ्यांनी फक्त आपल्याच दुकानातून ॲप घ्या म्हणावं का, इतरांना वाट द्यावी का, यावर स्पर्धा आयोग, कोर्टं, कंपन्या यांचं काय चाललंय ते मी तिला ऐकवलं. एकाच दुकानाची मक्तेदारी झाली तर देवळ्याच्या शेतकऱ्याने जायचं कुठे? ती म्हणाली, आयोगाचं बरोबर असेलही, पण आयोग तुमचा फोन दुरुस्त करायला येणार नाही, मला यावं लागतं. कंपन्या स्वतःच्या फायद्यासाठी दार लावतात हे खरं, आणि दार उघडं टाकलं की चोर येतात हेही खरं. मी आवाज चढवला. तीही माझीच मुलगी. शेवटी ती म्हणाली, "तुमच्याच भल्यासाठी आहे, बाबा." आणि तिने फोन ठेवला.

मी रुसलो. दोन दिवस घरात कमी बोललो, त्यामुळे बायको खूश होती. तिसऱ्या दिवशी मी मोबाईलच्या दुकानात गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. दुकानदार म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम हाय. लॉक काढून देतो. पासवर्ड लिहून द्या, फोन ठिवून जा, तासाभरानं या." समोर ट्रेमध्ये आठदहा फोन उघडे पडलेले, प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड. येणारं-जाणारं कोणीही वाचावं. मी पासवर्ड लिहायला पेन हातात घेतलं, ते परत ठेवलं आणि म्हणालो, चहा घेऊन येतो. तिकडे परत गेलो नाही. मुलीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे मला तिथे दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या पटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

घरी येऊन खुर्चीत बसलो आणि तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. तुमच्याच भल्यासाठी. हे मी नुसतं ऐकलेलं नव्हतं, हे मी कधीकाळी बोललेलं होतं. गेटवर असताना एक शेतकरी कांदा बाहेरच्या बाहेर विकायला निघाला होता. त्या काळी नियमाने माल आवारातच आणावा लागे. मी त्याचा ट्रॅक्टर अडवला. तो खाली उतरला आणि मला म्हणाला, "साहेब, कांदा मना शे, ट्रॅक्टर मना शे, मंग गेट तुमनं कसं काय?" मी म्हणालो, तुझ्याच भल्यासाठी, बाहेर वजनकाट्यात मारतील. ते खरंही होतं. बाहेरचे काटे कसे असत ते मी पाहिलेलं होतं. पण त्या दिवशी आत काय झालं, तेही मी पाहिलं. व्यापारी उशिरा आले, आरामात बसले. हा भरला ट्रॅक्टर घेऊन दुसरीकडे जाऊ शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. भाव पडला. जाताना त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खाली मान घालून पुढच्या गाडीचा पास लिहिला.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्या दिवशी संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं. या वेळी आवाज चढवला नाही, कारण सांगताना मला लाजच वाटत होती. मग मी म्हणालो, नंतर नियम बदलले, लोक बाहेरही विकायला लागले. ज्यांनी आधी काटा तपासून घेतला ते तरले. तू काटा तपास ना. तुझं कामच ते आहे. तपासून वाईट निघालं तर मी परत तोंड उघडणार नाही. पण न बघता गेट लावू नकोस.

मग ती म्हणाली, "पाठवा फाईल."

पुढचा रविवार तिने त्यात घातला. एका जुन्या फोनवर ते ॲप चढवून त्याची उलटतपासणी केली. सोमवारी फोन आला. ॲप चोराचं नव्हतं, पण ते शेतकऱ्याचे मेसेज वाचायची आणि सगळे नंबर बघायची परवानगी मागत होतं. कांद्याचा फोटो बघायला मेसेज कशाला लागतात? या बाबतीत मी वर्षापूर्वी काय केलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं.

तिने देवळ्याच्या बाईंना थेट फोन लावला. बाई आधी उखडल्या. "दुकानवाल्यांनी तीनदा परत पाठवलं, आता तुम्ही पण?" म्हणाल्या. मग दोघी तासभर बोलल्या. ॲपमध्ये कुठूनतरी आयता उचललेला भाग तसाच राहून गेला होता, तो त्यांनी काढला. मेसेज गेले, नंबर गेले, राहिला फक्त कॅमेरा. शेवटी बाई माझ्या मुलीला म्हणाल्या, "ताई, दुकानवाले नुसतं नाही म्हणायचे. का नाही, ते तुम्ही सांगितलं." तेव्हापासून प्रत्येक सुधारलेली फाईल आधी तिच्याकडे जाते. याचा मोबदला म्हणून तिला देवळ्याहून कांद्याची एक गोणी यायची होती, ती तिने कशीबशी नाकारली.

बुधवारी दुपारी जेवताना माझा फोन वाजला. 'तुमच्या पालकांनी परवानगी दिली आहे.' मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "आधी हात धुवा, कांदा कुठे पळून जात नाही."

आता रोज सकाळी तासभर मी ओट्यावर असतो. फोटो येतात. कोणाच्या चाळीत खालचा थर ओला, कोणाच्या कांद्याची मान जाड, पात नीट वाळू न देता भरलेला. मी लिहितो, हा ठेवू नका, काढा. हा थांबेल, पण वरून हवा द्या. एकाने उलटं विचारलं, "काका, तुम्ही फोटोवरून सांगता, चुकलं तर?" मी लिहिलं, चुकलं तर शिव्या घाला, पण मान दाबून बघा आणि मग घाला. त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं, शिव्यांची गरज पडली नाही. मी दिवसभर त्या आनंदात होतो. बायकोने सांगितलेलं कोथिंबिरीचं काम विसरलो.

गेल्या आठवड्यात एक फोटो आला. चाळ नव्हती, ट्रॉली नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यात, गॅसच्या शेगडीला चिकटून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी, तिला गाठ मारलेली, आत सहा कांदे. दोनांना बोटभर कोंब. जिल्ह्याच्या जागी पुणे. मी जाणकाराच्या आवाजात लिहायला घेतलं, की कांदा प्लास्टिकमध्ये कोण ठेवतं, इथे चाळीस क्विंटलवाले रांगेत आहेत. तेवढ्यात फोटोखालची ओळ वाचली.

'एकटीच्या घरात कांदे किती दिवस टिकतात, बाबा?'

मी ती ओळ दोनदा वाचली. ज्या मुलीने माझ्या फोनला बाहेरची एक फाईल शिवू दिली नव्हती, तिने बाहेरची फाईल स्वतःच्या रोजच्या फोनात घेतली होती, ज्यात तिची बँक आहे, ऑफिस आहे, सगळं आहे. मला विचारायचं असतं तर ती फोन करू शकली असती. रोज रात्री करतेच. पण तिने रांगेत उभं राहून विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने विचारलं तर कांदा म्हणून सांगितलं, तिला पटलं नाही.

मग मी डोळे पुसले आणि रांगेतल्या सगळ्यांना देतो तसंच उत्तर लिहिलं. पिशवीची गाठ सोडा. शेगडीपासून लांब ठेवा. कोंबवाले दोन आज रात्रीच चिरा. शेवटी एक ओळ वाढवली. बाकीचे चार तू येशील तोवर टिकतील, लवकर ये.