जाळीमागची नवरी

गावातली मुसलमानांची चाळीसेक जुनी घरं वारसा म्हणून जाहीर झाली, पर्यटक येऊ लागले, आणि दुकानातली नोकरी सोडून तो गाईड झाला. पुढे सगळे त्याला गाईडच म्हणू लागले. फेरीचा शेवट तो स्वतःच्या घरी करायचा. तिथे तो आणि त्याची फुफी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, असे दोघंच राहत.

वरच्या खिडकीला बारीक कोरीव लाकडी जाळी होती. ती कशाला, असं कुणी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो खरं बोलला, "हवेसाठी." पाहुण्यांचे चेहरे पडले. पुढच्या खेपेला त्याने एक नवरी रचली, जन्मभर त्या जाळीमागे कोंडलेली. लोक हळहळले, फोटो काढू लागले. मग काय, दर खेपेला नवरीच्या वाट्याला नवं दुःख आलं. माहितीपत्रकातही ती छापून आली.

हे सगळं सकाळी चाले. एकोणतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या फुफी तेव्हा मुलींच्या गणिताच्या शिकवणीला गेलेल्या असत.

एका सकाळी मात्र ताप आल्याने त्या वरच पडून होत्या. गाईडला पत्ता नव्हता. तो अंगणात नवरीच्या हालअपेष्टा रंगवत असतानाच त्या पाणी प्यायला खाली आल्या. एका बाईने त्यांचा हात हातात घेतला. "आता तरी बाहेर जाऊ देतात ना तुम्हाला?"

फुफींनी भाच्याकडे एकदा पाहिलं. "हो, जाते की."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

लोक गेल्यावर तो म्हणाला, "फुफी, माझं चुकलं."

"लहानपणी मला दमा होता. खिडकी उघडली की धूळ, लावली की जीव घुसमटायचा. अब्बांनी अकरा महिने खपून ती जाळी कोरली. ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग माझ्या बापाला जेलर कशाला केलंस?"



दुसऱ्या दिवसापासून तो सांगू लागला, "नवरीची गोष्ट खोटी आहे, मीच रचली." पत्रक बदलून घ्यायला पर्यटन कार्यालयात गेला, तर कारकून म्हणाला, "राहू द्या हो, लोक तिच्यासाठीच येतात."

पत्रक वाचून आलेले लोक अजूनही दारात फुफींकडे कीव आल्यासारखं बघतात. त्या चपला घालतात, छत्री घेतात आणि त्यांच्यातून वाट काढत शिकवणीला जातात. गाईड तेवढा वेळ खाली बघत उभा असतो.